सुशीलाबाईंचा निळा बाजा

मी यवतमाळला काही बघायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे टिपेश्वरचा वाघ दिसला का म्हणून कोणी फोन करायला नको. वाघ दिसला नाही. एक लांडगा मात्र दिसला. यवतमाळात त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे.

सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे. काउंटरच्या मागे, गिऱ्हाइकाला दिसेल असा, कर्ण्याचा एक जुना ग्रामोफोन ठेवलाय. घरी आणखी काही आहेत. त्यातला एक नळकांड्यावर वाजणारा खरा फोनोग्राफ, बाकीचे तबकडीचे. लोक सगळ्यांनाच बाजा म्हणतात आणि माझे यजमान सगळ्यांनाच अडगळ म्हणतात. हा छंद मला लागला त्याला वीसेक वर्षं झाली. त्यातली पहिली पाच नकली बाजे असली म्हणून विकत घेण्यात गेली, त्यामुळे नकलीचा मला लांबूनच वास येतो.

गेल्या हिवाळ्यात प्रणाली नावाची मुलगी दुकानात आली. इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. नंबर तपासून झाला, फ्रेम निवडून झाली, तरी ती बाज्याकडेच बघत उभी.

"मॅडम, हा असली आहे का हो? कसं ओळखता तुम्ही?"

हा प्रश्न मला कोणी विचारत नाही. त्यामुळे मी सुटलेच. कर्णा, किल्ली, मोटर, स्क्रू, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मध्येच एकदम म्हणाली, "असल्याच एका बाज्यापायी माझ्या आईला गावात चोर म्हणतात."

मी शटर अर्धं ओढलं आणि तिला बसवलं.

हकिगत अशी. प्रणालीचं गाव राळेगाव तालुक्यात. घर बौद्ध. तिच्या पणजोबांनी कधीकाळी कर्ण्याचा बाजा आणला होता. धर्मांतरानंतरच्या काळात वस्तीत चळवळीची गाणी वाजायची ती याच बाज्यावर, आणि ती ऐकायला आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या यायच्या. आता तो वाजत नाही. पण दरवर्षी अशोक विजयादशमीला त्याला वाजतगाजत विहारात नेतात, फुलं वाहतात, दिवसभर तिथे ठेवतात आणि परत आणतात. प्रणालीचे वडील थोरले, म्हणून बाजा यांच्या घरी. वडील पुष्कळ दिवस आजारी होते, त्यातच गेले. त्यानंतरच्या वर्षी तिच्या काकांनी बाजा दुरुस्त करायचं मनावर घेतलं आणि यवतमाळहून एक जुन्या वस्तूंचा जाणकार आणला. त्याने खोलून पाहिलं आणि सांगितलं, हा नकली आहे. असली कधीच गेला, कोणीतरी त्याच्या जागी दुसरा ठेवलाय.

मग सगळ्यांनी प्रणालीच्या आईकडे पाहिलं. नवऱ्याच्या आजारात हिनेच विकला असणार, असं ठरून गेलं. विहारात बैठक बसली, तिथे काकांनी तसं बोलून दाखवलं. त्या विजयादशमीला बाजा न्यायला कोणी आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही.

"आई काय म्हणते?" मी विचारलं.

"आई म्हणते, मी नाही विकला. दुसरं काय म्हणणार?"

मी म्हटलं, चल.

यवतमाळ

प्रवासाचं काय सांगायचं, सांगली ते यवतमाळ म्हणजे पाठीचा कणा कुठून कुठपर्यंत आहे ते नीट समजतं. प्रणालीच्या मावशीकडे उतरलो. सकाळी मावशीने तर्रीपोहे पुढे ठेवले. आमच्याकडचे पोहे म्हणजे लिंबू, ओलं खोबरं, आजारी माणसालाही चालतील असे. इथे त्यांच्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात आणि पाहुण्याच्या डोळ्यांना पाणी येतं का ते कौतुकाने बघत बसतात. मला आलं. तरी दुसरी बशी घेतली. भांडायला निघताना पोटात असंच काहीतरी असावं.

काकांकडच्या कार्डावर त्या जाणकाराचा पत्ता होता, तो प्रणालीने लिहून घेतला होता. प्रणालीला मावशीकडे ठेवून मी एकटीच गेले, पैसेवाली हौशी बाई बनून. दुकान कुठल्या रस्त्यावर आहे ते लिहीत नाही. माझे यजमान वकिलांना घाबरतात.

माणूस चाळिशीचा, अंगात बिनबाह्यांचं जॅकेट, तोंडात साखर. "या मॅडम, बसा. च्या सांगू? सांगलीवरून आल्या? बाप्पा! लय दूरून आल्या." इकडच्या माणसाचा पाहुणचार दुकानातही सुटत नाही. एरवी मला तो फार आवडला असता.

समोर तीन बाजे मांडले होते. तिन्हींचे कर्णे पिवळेधमक, नव्या समईसारखे. "हा पाहा. शंभर वर्षाचा पीस. इंग्रज साहेबाच्या बंगल्यातला."

आता ज्यांना हा छंद नाही त्यांच्यासाठी सांगते. जुने कर्णे बहुतेक लोखंडी पत्र्याचे आणि रंगवलेले असत. पितळी असलेच तर चांगले जाड. याचा पत्रा इतका पातळ की बोट दाबलं तर खळगा पडावा. असली बाज्यात सुईपासून कर्ण्यापर्यंत जाणारी नळी सुरुवातीला बारीक असते आणि हळूहळू रुंद होत जाते, कारण त्यातून आवाज जायचा असतो. इथे बेसिनखाली बसवतात तसला एक जाड वाकडा पाइप लावला होता. पेटीच्या चारही कोपऱ्यांवर नक्षी. कुठल्याही जुन्या कंपनीने इतकी फुलं काढली नसतील. नाक जवळ नेलं तर पॉलिशचा ताजा वास. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह, जुन्यांना सरळ एकच खाच असते. आणि पुढच्या बाजूला कर्ण्यासमोर बसलेल्या त्या प्रसिद्ध कुत्र्याच्या चित्राचा बिल्ला, आरशासारखा चकचकीत. नकली माल बनवणारा सगळ्यात आधी कुत्रा बनवतो.

सगळ्यात राग येतो तो त्यांच्या झीज काढण्याचा. शंभर वर्षं लोकांनी बाज्याला किल्ली दिली असेल, तर किल्लीच्या भोकापाशी लाकूड झिजतं. सुया ठेवायच्या वाटीजवळ ओरखडे पडतात. जिथे हात लागत नाही तिथे लाकूड तसंच राहतं. यांनी मात्र वरपासून खालपर्यंत सगळीकडे एकसारखा काचकागद फिरवलेला, पेटीच्या तळालासुद्धा. अरे, म्हातारपण सगळीकडे एकदम येत नाही! माझे गुडघे गेलेत, दात शाबूत आहेत.

मी कर्णा जरा हलवून पाहायला गेले तर तो पाइपासकट माझ्या हातातच आला.

"नाजूक हाय मॅडम," तो न लाजता म्हणाला. "जुना हाय ना."

मी ओठ दाबून धरले. हसू येत होतं का संताप, माझं मलाच कळेना. कर्णा त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "याच्याहून चांगला नाही का? मला अगदी असली हवा आहे. वाट बघायला तयार आहे मी."

त्याने दाराकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि मोबाइल काढला.

"हा पाहा. हा हाय असली. राळेगावकडं एका खेड्यात हाय. अडाणी लोकाइनं रंग फासून फासून वाटोळं केलं, पण आतून समदा कंपनीचा माल. मी सोता खोलून पाह्यला. बाई देऊन नाही राह्यली. पण आता घरात भांडन लागलं हाय, निघतेच तो. उन्हाळ्यापर्यंत तुमाले देतो."

फोटोत कुडाच्या भिंतीसमोर टेबलावर निळाजर्द बाजा होता. कर्णासुद्धा निळा.

"भांडण कशाचं लागलंय?"

"घर हाय मॅडम," तो हसला. "घरात भांडनं होतेच."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. शहरात हा नकलीला असली म्हणून विकतो आणि खेड्यात जाऊन असलीला नकली म्हणतो. दोन्हीकडे तोंड तेच, साखर तीच. एका बाईचं नाव मातीत घातलं आणि वर उन्हाळ्यापर्यंत वायदा करतोय मेला! हातातला चहाचा कप मी मोठ्या कष्टाने बशीतच ठेवला, त्याच्या जॅकेटवर नाही. कार्ड घेतलं, कळवते म्हटलं आणि बाहेर पडले. रस्ता ओलांडल्यावर लक्षात आलं की त्याचं बोलणं मोबाइलमध्ये टेप करून घ्यायला हवं होतं. भर चौकात कपाळावर हात मारून घेतला. एक रिक्षावाला थांबला आणि "कुठं जाता माय?" म्हणाला.

राळेगावच्या पुढे

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर आणखी दहा जॅकेटवाले उद्या तिथे पोचतील.

कापसाचे दिवस होते. जिनिंगच्या कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर ओळीने उभे, ट्रॉल्या वर जाळी बांधूनही उतू चाललेल्या, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना बाभळींच्या काट्यांत कापूस अडकलेला. एसटीची खिडकी लागत नव्हती. उतरले तेव्हा माझ्या केसांत इतका कापूस होता की प्रणाली म्हणाली, मॅडम, तुम्ही एकदम आजीबाई दिसताय. आमच्याकडे या दिवसांत उसाच्या गाड्या रस्ता अडवतात आणि पोरं मागून ऊस ओढतात. इथे ओढण्यासारखं काही नाही. कापूस खाता येत नाही.

प्रणालीची आई, सुशीलाबाई, दारात उभ्या होत्या. उंच, सडपातळ, लुगडं विटकं पण स्वच्छ. "जय भीम ताई. या." पाय धुवायला पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली आणि तुरीच्या उकडलेल्या शेंगांचं मोठं टोपलं मध्ये ठेवलं. मीठ घालून उकडलेल्या हिरव्या शेंगा दातांनी सोलून खायच्या. एकदा सुरुवात केली की बोलणं बंद होतं. पण मला कुठला धीर! शेंगा अर्ध्या सोडून मी विचारलं, "बाजा कुठे आहे?"

त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवलं. धुतलेल्या चादरीखाली तो होता. मी चादर काढली आणि खरं सांगते, परत टाकावीशी वाटली. पेटी निळी, कर्णा निळा, किल्ली निळी. दाराला लावतात तो तैलरंग, जाडच्या जाड. आमच्या छंदात जुन्या वस्तूला असला रंग लावणाऱ्याला माफी नाही. जुन्या पॉलिशला हात लावायचा नाही, हे आमचं पहिलं कलम.

"हा रंग कोणी दिला?"

"मीच देते. दरसाल, विजयादशमीच्या आंधी. घराचे दरवाजे, विहाराचं गेट अन् बाजा, एकाच डब्यातून."

"पण का?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "विहारात मळका कसा न्यावा?"

बघा म्हणजे. आम्ही वस्तू जुनी दिसावी म्हणून जीव टाकतो. या बाईने ती दरवर्षी नवी करून ठेवली, आणि तेच तिच्या अंगाशी आलं. जॅकेटवाल्याने दिराला दाखवलं ते हेच असणार. पाहा, कसा कोरा दिसतो. पाहा, कुत्र्याचा बिल्लाच नाही. पाहा, नळीला सायकलचा नट. त्या नटाबद्दल विचारलं तर सुशीलाबाई म्हणाल्या की तो यांनी, म्हणजे प्रणालीच्या वडिलांनी, बसवला होता. जुना पडून हरवला होता.

मी पेचकस काढला. मोटरचं झाकण उघडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. बिडाची जाडजूड चौकट, दोन स्प्रिंगांची मोटर, एक स्प्रिंग तुटलेली. वंगण वाळून गुळाच्या चिक्कीसारखं झालेलं. स्क्रूच्या डोक्याला सरळ एकच खाच, तिच्या कडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या पेचकसांनी झिजलेल्या. किल्लीच्या भोकाला आतून झीज, जिथे व्हावी तिथेच. सुयांच्या वाटीभोवती रंगाच्या थराखालूनसुद्धा ओरखड्यांचे खळगे बोटाला लागत होते. हे कोणाला करता येत नाही. करता येत असतं तर जॅकेटवाल्याने केलं असतं.

"सुशीलाबाई, असली आहे! अगदी असली!" मी ओरडलेच.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला आत गेल्या.

मला तेव्हा ते जरा कोरडं वाटलं. एवढ्या लांबून येऊन मी निकाल दिला, बाईने निदान डोळे तरी पुसावेत. पण जेवण असं वाढलं की मी विसरून गेले. तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची आमटी, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी. आमच्याकडे चटणी म्हणजे शेंगदाण्याची. जवसाला इतकी चव असते हे सांगलीत कोणाला माहीत नाही आणि आता मी सांगितलं तरी पटत नाही.

दुसरी सकाळ

प्रणालीने काकांना बोलावून आणलं. त्यांना आपण चंद्रभान म्हणू. विहाराच्या समितीचे ते प्रमुख, सोबत समितीतले आणखी दोघे. माणूस दिसायला सालस. मला नमस्कार केला, वहिनीकडे पाहिलं नाही. दोन वर्षं या घरात पाण्याचा घोट घेतला नाही म्हणे. पाणी पुढे आलं, तसंच राहिलं.

मी सगळं सांगितलं. मोटर दाखवली, स्क्रू दाखवले. यवतमाळच्या दुकानात जे ऐकलं ते शब्दन्‌शब्द सांगितलं.

"तुमी पोरीच्या ओळखीच्या," चंद्रभान म्हणाले. "तुमी तं असलीच म्हनसान."

"आणि तो दुकानदार कोणाच्या ओळखीचा होता?"

"तो कायले खोटं बोलन? त्याचा काय फायदा? त्यानं तं सांगतलं, नकली हाय, कामाचा नाही, मले द्या, दुकानात शोभेले ठेवीन."

"किती वेळा आला असं सांगायला?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "आला असन तीन-चार खेपा."

"नकली, बिनकामाचा डबा न्यायला माणूस यवतमाळहून तीन-चार खेपा मारतो? त्याची गाडी काय पाण्यावर चालते?"

समितीतला एक जण हसला. चंद्रभान हसले नाहीत. दोन वर्षं जे बोलत आलो ते सोडायचं कसं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. मग त्यांनी नवीनच काढलं. "मोटर असली असन. पेटी अन् कर्णा बदलला असन. मोटर काढून दुसऱ्यात टाकता येते, मी कायी येडा नाही."

आता मात्र माझं डोकं फिरलं. पण तेवढ्यात एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्याबद्दल मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. पर्समधून दुकानातलं भिंग काढलं. नवं ब्लेड मागून घेतलं. पेटीच्या मागच्या बाजूला, कर्ण्याच्या बैठकीखाली, रंगाच्या थरावर तिरका काप घेतला. तिरका घेतला की आतले थर एकाखाली एक पट्ट्यांसारखे उघडे पडतात. मी भिंगातून पाहिलं आणि कोणाला काही न सांगता हाताने झाकून ठेवलं.

"सुशीलाबाई, या बाज्याला तुम्ही आतापर्यंत कोणकोणते रंग दिले? वरून खाली सांगा. न बघता."

"सांगू?"

"सांगा."

"वरचा निळा यंदाचा. कोनी न्याले आलं नाही, तरी देल्ला. त्याच्या खालचा निळा मांगच्या सालचा. तवाही कोनी आलं नाही. मंग पांढरा. हे गेले त्या सालचा. निळा आनाले कोनी नव्हतं, घरात पांढराच होता." पदराने त्यांनी तोंड पुसलं. "त्याच्याखाली निळाच निळा, बहुत सालाचा. मधात एक चंदेरी, सायकलीचा उरला होता तो. मंग गुलाबी."

इथे त्यांनी दिराकडे पाहिलं. ते आल्यापासून पहिल्यांदाच.

"तुमच्या लग्नात ओट्याले लावला होता तो गुलाबी. तुमीच म्हनलं, वयनी, बाजालेबी लावा, नवरी पाहीन. त्याच्याखाली हिरवा, मी या घरात आली तवाचा. त्याच्याखालचं मले मालूम नाही."

मी हात काढला आणि भिंग चंद्रभानांच्या हातात दिलं. ते वाकले. निळा. त्याखाली केसाएवढा पांढरा. निळ्याचे थर, त्यांत चंदेरीची रेघ. मग गुलाबी, मग हिरवा, आणि सगळ्यांच्या खाली लाकडाचं मूळचं तपकिरी पॉलिश. त्यांनी कर्ण्याच्या कडेलाही काप घ्यायला लावला. तिथेही तोच क्रम. ते कितीतरी वेळ भिंगातून डोळा काढेनात.

"गुलाबी हाय," ते शेवटी म्हणाले. "माह्या लग्नातला हाय."

मग घरात एकदम सगळे बोलायला लागले. समितीतल्या दोघांनी आळीपाळीने भिंग लावलं. जॅकेटवाल्याला वऱ्हाडीतल्या निवडक शिव्या पडल्या, त्यांतल्या दोन मी शिकून आले आहे. चंद्रभानांनी समोर तसाच राहिलेला पाण्याचा पेला उचलला आणि घटाघटा प्याले. "चुकलं बाप्पा आमचं," ते म्हणाले. "चला, आताच विहारात नेऊन ठेवू. कायमचा ठेवू. लोक पाहातीन, समदे समजून जातीन." ते बाजा उचलायला उठलेसुद्धा. मी भिंग पुसत, कोणीतरी माझं कौतुक करील म्हणून वाट बघत बसले होते.

"थांबा," सुशीलाबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, तरी सगळे थांबले.

"विहारात बैठक बसली होती. तुमी सगळ्याइसमोर उभं राहून म्हनलं, वयनीनं बाजा इकला. आता तिथंच उभं राहा अन् सगळ्याइसमोर म्हना, का मी खोटं बोललो."

चंद्रभानांचे हात पेटीवरच होते. "आता कायले वाढवता वयनी? घरातली गोष्ट हाय. बाजा तिथं दिसला का समजते लोकाइले."

"मी इकला असं सांगाले बाजा नव्हता नेला तिथं. तुमी गेलते."

मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि मी आपली हसऱ्या चेहऱ्याने तयार.

"अन् ताई, तुमी. तुमी माह्यासाठी एवढ्या दूरून आल्या, तुमचे उपकार हाय. पन तुमीबी आल्या तशा बाजापाशी गेल्या. त्याले खोललं, भिंग लावलं. मले एक डाव तरी पुसलं काय, का बाई, तू इकला का नाही? मी दोन सालापासून सांगून राह्यली, इकला नाही, इकला नाही. माह्या तोंडाचं खरं नाही झालं. मले न पाहता रंग सांगाले लावले, शाळेतल्या पोरीवानी, तवा खरं झालं."

माझ्या हातातलं भिंग मी पर्समध्ये टाकलं. खरंच विचारलं नव्हतं मी. सांगलीत प्रणालीला विचारलं होतं, आई काय म्हणते. आईच्या घरात बसून, तिच्या हातच्या शेंगा खात, मी विचारलं होतं बाजा कुठे आहे.

प्रणाली रडायला लागली. समितीतल्या दोघांनी चपला शोधायचं काम काढलं. चंद्रभानांनी बाजा उचलला, पोटाशी धरला आणि घेऊन गेले. सुशीलाबाईंनी अडवलं नाही. चुलीपाशी गेल्या, आम्हाला वाटेसाठी भाकऱ्या बांधून द्यायच्या होत्या त्या करायला बसल्या.

सांगली

परत येऊन आता पुष्कळ दिवस झाले. प्रणालीकडून कळतं. बाजा विहारात आहे. त्याला काचेची पेटी करून घेतली. जॅकेटवाला एकदा परत गेला होता, त्याला वस्तीतल्या बायांनी वेशीपर्यंत पोचवला. हे ऐकून मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. चंद्रभान येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतात, आमचा बाजा असली हाय, सांगलीच्या मॅडमनं तपासला. वस्तीत आता सगळ्यांना सगळं माहीत आहे. तोंडाने मात्र कोणी काही म्हटलेलं नाही. सुशीलाबाई तेव्हापासून विहारात गेल्या नाहीत. पौर्णिमेलासुद्धा वंदना घरीच म्हणतात.

जॅकेटवाल्यावरचा माझा राग सोपा आहे. तो लबाड आहे, त्याचा धंदाच तो. त्याची मी सगळ्या ओळखीच्या छंदिष्टांत दवंडी पिटलीय, यापुढे त्याच्याकडून कोणी सुईसुद्धा घेणार नाही. दुसरा राग काही केल्या उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले. आणि शेवटचं फक्त तुमच्यासाठी लिहिते, चंद्रभानभाऊ. नाव बदललंय, पण तुम्हाला कळेल. हा अंक प्रणाली तुमच्या हातात आणून देणार आहे.

एका परक्या माणसाने एक शब्द टाकला आणि तुम्ही भरल्या बैठकीत उठून उभे राहिलात. तेव्हा तुमच्याकडे भिंग नव्हतं, पुरावा नव्हता, काहीच नव्हतं, तरी तोंड उघडलं. आता सगळं तुमच्या डोळ्यांनी पाहून झालंय. येत्या पौर्णिमेला विहार भरेल. आधी वहिनीच्या घरी जा, त्यांना सोबत घेऊन या, पुढे बसवा. आणि उभे राहा.